स्वमालकीचा मोडेम बाळगल्याबद्दल

ओहायोतल्या आमच्या गल्लीत उसनं मागणं हे पाप समजलं जातं. गवत कापायचं यंत्र ज्याचं त्याचं, शिडी ज्याची त्याची. शेजारच्या डेलमर प्रुइटने तर स्वतःच्या थडग्याची जागाही आगाऊ घेऊन ठेवली आहे, आणि तिथलं गवत तो स्वतःच्याच यंत्राने कापतो. अशा माणसाच्या घरात केबल कंपनीचा भाड्याचा मोडेम वर्षानुवर्षं लुकलुकतोय हे गल्लीत फुटलं, तेव्हा त्याला चर्चमध्ये मान वर करवेना. त्याने स्वतःचा मोडेम आणि राउटर विकत आणला आणि कंपनीचा डबा परत केला.

कंपनीने अभिनंदन केलं. स्वतःचा मोडेम वापरणं हा ग्राहकाचा हक्क असून कंपनी त्या हक्काचा आदर करते, फक्त त्याला मदत करत नाही, असं फोनवरच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं.

शनिवारी वादळ झालं आणि केबलचा खांब डेलमरच्या गाडीवर आडवा झाला. गल्लीभर इंटरनेट बंद. रविवारी दुपारी अलास्काहून डेलमरची लेक नवजात नातवाचं तोंड दाखवणार होती. कंपनीचा माणूस सकाळीच आला, खांब उभा केला, सगळी घरं जोडून दिली. प्रुइटांचं तेवढं सोडलं. डेलमरने फोन लावला.

"दोष तुमच्या मोडेममध्ये आहे, साहेब."

"बाई, खांब पडला होता. माझ्या गाडीवर."

"हो, पण मोडेम तुमचा होता."

मी म्हटलं, आमच्याकडे येऊन बघा. डेलमर म्हणाला, उसन्या इंटरनेटवर नातू बघू काय? त्याची बायको व्हर्ना सकाळपासून केस बसवून तयार होती. ती शांतपणे म्हणाली, "तू तत्त्व धरून बस हो. पोरगं दाढी करायला लागलं की कळवतीलच."

तेव्हा खांबवाल्याने नियमातली वाट दाखवली. भाड्याचे डबे संपले होते. पण डेलमरने आपला मोडेम कंपनीला दान केला, तर कंपनी तोच त्याला भाड्याने देऊ शकत होती. डेलमरने सही केली. माणसाने मोडेम उलटा केला, बुडाला 'कंपनीची मालमत्ता' अशी पट्टी चिकटवली आणि पुन्हा सुलटा ठेवला. लगेच हिरवे दिवे लागले. पडद्यावर टक्कल पडलेला, कपाळाला आठ्या घातलेला हुबेहूब डेलमर जांभई देत होता. मूळ डेलमर डोळे पुसत म्हणाला, कंपनीचा माल उत्तम आहे.

हसताय? हसा. मग तुमच्या कोपऱ्यातला डबा जरा उलटा करून बघा. मात्र फार वेळ उलटा धरू नका. दुसऱ्याची वस्तू आहे.