जमत न्हाई तेवढंच

सुशीला मॅडमकडं चहाला गेलात तर कप तुम्हालाच विसळावा लागतो. त्या खुर्चीत बसून तुमचं विसळणं बघतात, वर दहापैकी मार्क देतात. मला आजवर सहाच्या वर मिळालेले नाहीत.

मॅडम धारूरला नर्सिंग शिकवतात. मी त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता तिथंच दवाखान्यात सिस्टर. शुश्रूषेचे पुस्तकात ढीगभर सिद्धांत. मॅडमनी सगळ्यांचा मिळून एकच करून टाकलाय. "पेशंटला जमतं ते पेशंटनं करायचं. जमत न्हाई तेवढंच आपण. शिकवा, संशोधन करा, न्हाईतर वार्डात राबा, सगळं यातच आलं!"

हा सिद्धांत त्या कुठंही चालवतात, बरं का! लिंबागणेशला एका लग्नात नवरी उखाणा घेऊन नवऱ्याला घास भरवायला निघाली, तर मॅडम पंगतीतून ओरडल्या, "कावून भरवतीस? त्याचा हात धडधाकट हाय की!" नवरी त्यांचीच विद्यार्थिनी. बिचारीनं घास परत ताटात ठेवला.

दुसरा हट्ट केअर प्लॅनचा, म्हणजे पेशंटची निगा कशी राखायची त्या तक्त्याचा. त्यात 'घरी बघणारं कोण?' हा रकाना सगळ्यात आधी भरायचा. तो कोरा दिसला की मॅडमचं लाल पेन कागद फाटेस्तोवर फिरायचं.

गेल्या महिन्यात मॅडम न्हाणीत घसरल्या. उजवं मनगट मोडलं, आमच्याच दवाखान्यात ऑपरेशन झालं. बोटं हलतील का, ही धास्ती मला. मॅडम मात्र डाव्या हातानं स्वतःचाच केअर प्लॅन लिहीत बसलेल्या! तिसऱ्या दिवशी बोटं हलली आणि मला रडूच फुटलं.

"आता रडतीस कावून? हलली न्हवं?"

दवाखान्यातून सुट्टी मिळायच्या दिवशी बघते तर मॅडमच्या केसांचा नुसता गुंता. एका हातानं वेणी कशी यायची? पण चार दिवसांत कुणाला सांगतील तर शपथ. त्यांचा केअर प्लॅन उचलला. सगळं भरलेलं, फक्त तो एक रकाना कोरा. मला लई राग आला. त्यांचा आला, आणि 'तुमचं घरी कोण?' हे इतकी वर्षं कधी न विचारणाऱ्या माझाही आला.

रकान्यात मी माझं नाव लिहिलं आणि कंगवा घेऊन मागं बसले.

"जमतंय मला."

"न्हाई जमत, मॅडम. गप बसा."

बसल्या की! वेणी झाल्यावर हातानं चाचपून म्हणाल्या, "वाकडी हाय. सहा."

मग कागद घेतला, माझं नाव वाचलं. उशाशी उघडं पडलेलं लाल पेन उचललं. मला वाटलं, आता माझं नाव खोडणार.

मॅडमनी पेन माझ्यापुढं केलं.

"टोपण लावून दे गं, रेखा. मला जमत न्हाई."