नाईक बूट

सोपान खराडेच्या बुटांना त्याच्याआधी बढती मिळाली. जरा लवकरच मिळाली, पण वशिल्याने मिळाली असं कुणाची म्हणायची टाप नव्हती. प्रशिक्षण केंद्राच्या प्रत्येक तपासणीत ते बूट असे चमकायचे की मोठ्या साहेबांना त्यात आपल्या मिशा दिसायच्या. साहेब खूश झाले आणि बूट नाईक झाले. सोपान होता तिथेच, साधा रंगरूट.

बढती म्हटली की थाटमाट आलाच. बूट खाटेवर झोपू लागले, सोपान खाली सतरंजीवर. मेसमध्ये त्याच्या आधी बुटांपुढे ताट जायचं. बराकीतली पोरं येता-जाता बुटांना सलाम ठोकायची आणि आज साहेबांची मर्जी कशी आहे, असं सोपानला मुद्दाम विचारायची. तो पॉलिश रोज करायचा, पण आता विचारून. खरं सांगायचं तर त्याला आतून अभिमानच वाटायचा.

रोजच्या कवायतीला कापडी बूट चालून जायचे. घोडं अडलं ते शपथ परेडला. वरिष्ठाच्या अंगात पाय घालणं हा गुन्हा. दुसऱ्याचे बूट घालायला सक्त मनाई, आणि अनवाणी परेड कुणी करू देत नाही. परेड चुकली की मागच्या तुकडीत रवानगी, म्हणजे सगळी रगडपट्टी पुन्हा पहिल्यापासून. त्यात आई खटावहून यायला निघालेली. तिने एकटीने राबून त्याला वाढवलं होतं. तिला आता काय तोंड दाखवायचं?

परेडच्या सकाळी तो रडवेला होऊन कवायत शिकवणाऱ्या हवालदार बागवान उस्तादांपुढे उभा राहिला. उस्ताद फाटक्या तोंडाचे, पण पोरांवर भारी जीव. त्यांनी आधी पोटभर शिव्या घातल्या आणि मग त्याला सुभेदार निकमांकडे नेलं. सुभेदारसाहेबांनी नियम ऐकवला. वरिष्ठ तो वरिष्ठ, मग तो हाडामांसाचा असो नाहीतर चामड्याचा.

"मान्य, साहेब," उस्ताद म्हणाले. "पण आज बडा खाना आहे. आज तुम्ही स्वतः या पोरांच्या ताटात मटण वाढणार ना?"

"वाढणारच. त्या दिवशी वरिष्ठाने जवानाची सेवा करायची, पद्धतच आहे."

"मग नाईकसाहेबांनाच सूट कशी?"

सुभेदारसाहेब उठले. मग टोपी चढवून बराकीत आले आणि खाटेसमोर ताठ उभे राहिले.

"नाईक, आज दिवसभर रंगरूट खराडेच्या सेवेत राहायचं. काही शंका?"

बुटांना काही शंका नव्हती.

सोपानने कडक सलाम केला, पाय आत घातले आणि त्याचा जीव भांड्यात पडला. परेड झाली, शपथ झाली. टाचा अशा वाजल्या की मैदान दणाणलं.

नंतर आई गर्दीतून वाट काढत आली. बुटांच्या बढतीचं त्याने तिला फोनवर कधीच सांगितलं होतं. तिने डोक्यावर पदर घेतला आणि आधी वाकून बुटांना हात जोडले.

"साहेब, माझं पोर पार नेलंत. लई उपकार झाले."

मग तिने लेकाला पोटाशी धरलं आणि दोघंही मोकळेपणी रडली. गणवेशात रडायला वरिष्ठांची परवानगी लागते. सोपानने ती मागितली नव्हती. बुटांनी तिकडे काणाडोळा केला.