भादव्याचा इलाज

भादवा लागला की हैबती धनगराचं कोल्ह्या नावाचं कुत्रं शेरडं वाऱ्यावर सोडून पासली गावच्या कुत्र्यांत पळायचं आणि त्याला हुडकायला हैबतीही पासली गाठायचा. कुत्रं पहिल्याच दिवशी सापडे. हैबती मात्र तिथल्या कोंडिबाच्या पडवीत पत्ते कुटत चार दिवस हुडकतच राही. (शोध कसा, मन लावून करावा.)

यंदा त्या चार दिवसांत बिबट्यानं गाभण शेळी उचलली. त्याच्या बायकोनं, भागूबाईनं, भाकरी वाढता वाढता निकाल दिला, की कुत्र्याचं हे खूळ कायमचं घालवून आणा, नाहीतर मी माहेरी चालले. सगळा दोष कुत्र्यावर जातोय असं दिसताच हैबतीनं लगोलग मान डोलावली. बैल खच्ची होतात, तिथं कुत्र्याचं काय मोठंसं? (एवढाच विचार त्यानं केला.)

घोंगडीत गुंडाळलेला कोल्ह्या खांद्यावर घेऊन तो भोरला गेला. संस्थानच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कुत्रं आत नेलं. बाहेर कारकुनानं मान वर न करता विचारलं, "नाव?"

"हैबती."

"वय?"

"चाळीस आसंल."

"तक्रार?"

"भादव्यात घरी ठरत न्हाई."

"कुणाचं ऐकतो?"

"बायकूचं. करतो काय."

कारकुनानं सगळं इमानदारीनं उतरवलं आणि शिक्का मारून चिठ्ठी दिली. हैबतीला अक्षरओळख नव्हती. परतीच्या वाटेवर पासलीत त्यानं ती मोठ्या ऐटीत कोंडिबाच्या हातात ठेवली. दोन इयत्ता शिकलेल्या कोंडिबानं भरल्या पडवीत खणखणीत वाचली: "हैबती, वय चाळीस. भादव्यात घरी ठरत नव्हता. खच्ची केला. आठ दिवस उड्या मारू देऊ नयेत."

पडवी हसून लोळली. हैबती घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. भागूबाईनं चिठ्ठी घेतली आणि मिठाच्या मडक्यामागं जपून ठेवली.

पुढच्या भादव्यात कोल्ह्या पोट वाढवून उंबऱ्यात पसरला होता. पासलीकडची कुत्री भुंकली, त्यानं कानही हलवला नाही. हैबतीनं मात्र सवयीनं काठी उचलली.

"कुठं निगालात?"

"कोल्ह्याला हुडकाय," तो बोलून गेला आणि मग त्याची नजर पायाशी गेली.

भागूबाई सुपातले खडे वेचत शांतपणे म्हणाली, "बसा हितंच. सरकारी चिठ्ठीवर नाव तुमचंच हाय."

हैबती खाली बसला. कोल्ह्यानं जरा सरकून त्याला जागा दिली.