काकांची डावी बाजू

सलूनवाल्या काकांनी आपल्या मानेच्या स्कॅनची फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली आणि शांतपणे जाहीर केलं की हॉस्पिटलमधल्या लोकांना डावं-उजवं कळत नाही.

खुर्चीत निवृत्त हेडक्लार्क बसले होते. गळ्याभोवती पांढरं कापड, अर्ध्या दाढीला फेस. अशा अवस्थेत माणूस कोणाशीच वाद घालत नाही. त्यांनी फक्त विचारलं, "कशावरून?"

"रिपोर्टात लिहिलंय, डावीकडची खालची. आणि ठिपका बघा कुठे आहे."

ठिपका उजवीकडे होता. चांगला काळाभोर होता.

प्रकरण सुरू झालं होतं ते कॅल्शियमवरून. काकांना वर्षात दोनदा मुतखडा झाला, गुडघे कुरकुरू लागले, आणि एक दिवस ते एका गिऱ्हाइकाचा एकच कल्ला कापून पेपर वाचत बसले. रक्त तपासलं तर त्यात कॅल्शियम नको तितकं. सर्जनांनी समजावलं, की मानेत थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तातल्या कॅल्शियमवर नजर ठेवणं हे त्यांचं काम. काकांची त्यातली एक फुगून बसलीय आणि हाडांतलं कॅल्शियम बाहेर काढतेय. ती काढली की झालं. मात्र चारांपैकी कुठली, ते आधी कळायला हवं. कळलं तर एका बाजूला लहानसा छेद, दुसऱ्या दिवशी घरी. नाही कळलं तर मान दोन्हीकडे उघडून शोधत बसायचं.

म्हणून काकांना किंचित किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन दिलं. एक फोटो लगेच काढला, दुसरा दोन तासांनी. तोवर थायरॉइड औषध सोडून देतं. फुगलेली ग्रंथी मात्र ते धरून बसते, दाढी झाल्यावरही खुर्चीतून न उठणाऱ्या गिऱ्हाइकासारखी. तोच हा ठिपका.

बत्तीस वर्षं काका दुसऱ्यांच्या मानेवर वस्तरा फिरवत आले होते. आता त्यांच्या मानेवर दुसरा कोणी पातं ठेवणार होता, आणि तोही बहुधा चुकीच्या बाजूला. बिनपाण्याने हजामत म्हणतात ती हीच, असं त्यांना वाटलं. शिवाय, आरशात बघून ज्याने एवढ्या लोकांचे कल्ले एका रेषेत आणले, तो एवढीशी फिल्म वाचायला चुकेल कसा? वर सांगितलेला एक कल्ला सोडा, तो कॅल्शियममुळे.

हेडक्लार्कांनी फिल्म हातात घेऊन उलटसुलट केली आणि ते थबकले. "हे बघा. पलटली की ठिपका जातो डावीकडे. म्हणजे त्यांनी रिपोर्ट लिहिताना उलटी धरली होती."

पलटल्यावर कडेची अक्षरंही उलटी झाली होती, पण दोघांनाही अक्षरांशी कर्तव्य नव्हतं. हेडक्लार्क उरलेला फेस पुसून घरी गेले आणि अर्ज टाइप करून आले. विषय : मानेतील ग्रंथीच्या बाजूमध्ये दुरुस्ती होणेबाबत. प्रती तीन.

अशा विषयाचा अर्ज हॉस्पिटलमध्ये पूर्वी कधी आला नव्हता, त्यामुळे तो गांभीर्याने घेतला गेला. सर्जनांनी स्वतः फोन केला आणि सांगितलं, की पेशंटची डावी बाजू फिल्मवर उजवीकडे दिसते, ते उलटंच असतं, सगळ्यांचंच असतं. काकांनी फोन ठेवला आणि सलूनमध्ये एवढंच सांगितलं, "उलटं आहे, हे त्यांनी कबूल केलं."

मग पेशंटचं समाधान व्हावं म्हणून ऑपरेशन आठ दिवस पुढे ढकलून आणखी एक स्कॅन ठरला. हा चार मितींचा सीटी स्कॅन. चौथी मिती म्हणजे वेळ, असं टेक्निशियनने सांगितलं. काकांचे तिथे पावणेतीन तास गेले, तेव्हा त्यांना ते पटलं. रिपोर्ट आला : डावीकडची खालची. फोटोत गाठ उजवीकडे.

"दुसऱ्यांदा तीच चूक," हेडक्लार्क म्हणाले. "पहिल्याचं बघून लिहिलंय. आमच्या ऑफिसातही असंच चालायचं."

आता प्रकरण अक्षरशः गळ्याशी आलं होतं. ऑपरेशनच्या सकाळी काकांनी वॉर्डच्या बाथरूममध्ये आरशाशेजारी फिल्म टेकवून ठेवली, ठिपका ज्या बाजूला होता त्याच बाजूला मानेवर पक्क्या शाईच्या मार्करने बाण काढला, आणि बाणाखाली ठळक अक्षरांत लिहिलं : इथे.

तासाभराने सर्जन आले. चाकू उचलण्याआधी नाव, ऑपरेशन आणि बाजू पेशंटच्याच तोंडून वदवून घ्यायची असा नियम होता. काकांनी नाव बरोबर सांगितलं, ऑपरेशन बरोबर सांगितलं, आणि बाजू सांगितली उजवी. कागदावर होती डावी. सर्जनांनी पेन खिशात ठेवलं. पेशंटचं आणि कागदाचं जुळलं नाही तर ऑपरेशन नाही, हाही नियमच होता.

मग त्यांचं लक्ष मानेकडे गेलं. "हे काय लिहिलंय?"

नर्सने वाकून पाहिलं. तिलाही अक्षर लागेना. काकांनी आरशात बघत, आरशात सुलट दिसेल असं लिहिलं होतं. शेवटी सोबत आलेल्या काकूंनी पर्समधला छोटा आरसा काढून समोर धरला, तेव्हा सर्जनांना वाचता आलं.

"काका, आज नाही जमलं तर पुढची तारीख तीन आठवड्यांनी," सर्जन म्हणाले. "आणि तुमचं कॅल्शियम थांबणार नाही."

काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तीन आठवडे म्हणजे आणखी एक मुतखडा. पण हट्ट सोडावा तर मान जाते.

काकू इतके दिवस या भानगडीत पडल्या नव्हत्या. त्यांनी आरसा पर्समध्ये टाकला, फिल्म उचलली आणि काकांच्या चेहऱ्याशेजारी धरली. एकदा फिल्मकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. मग ठिपका जिथे दिसत होता तिथेच समोरून बोट टेकवलं. बोट टेकलं काकांच्या डाव्या बाजूला.

"अहो, हा फोटो तुमच्या समोरून काढलाय. पाठीमागे उभं राहून आरशात बघून नव्हे."

काका बोटाकडे बघत राहिले.

"तुम्ही स्वतःला आयुष्यात कधी समोरून बघितलंय का? मी बत्तीस वर्षं बघतेय. आता गप झोपा आणि यांना काम करू द्या."

काका आडवे झाले. झाल्यावर हळू आवाजात म्हणाले, "डावी."

ग्रंथी डावीकडेच निघाली, खालची, वाटाण्याएवढी. छेद बोटाच्या पेराएवढा. बाण मात्र स्पिरिटला दाद देईना. पुढचे नऊ दिवस काका गळ्याला रुमाल बांधून दुकानात उभे राहिले आणि विचारणाऱ्याला सर्दी झालीय म्हणून सांगत होते.

महिन्याभराने सर्जन सलूनमध्ये आले. केस कापायचे होते, दाढीही करायची होती. काकांनी त्यांना खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड गुंडाळलं, वस्तऱ्यात नवं ब्लेड घातलं आणि मागे उभे राहिले.

"नाव सांगा," काका म्हणाले.

सर्जन हसले. आरशात काका हसत नव्हते. सर्जनांनी नाव सांगितलं.

"काय करायचंय?"

"केस आणि दाढी."

"भांग कुठल्या बाजूला?"

सर्जनांनी समोर आरशात एक नजर टाकली आणि दिवसभर फिल्म वाचणाऱ्या माणसाच्या सहजतेने म्हणाले, "उजव्या."

काकांनी वस्तरा खाली ठेवला. नियम नियम असतो.

थोड्या वेळाने कापडाखालून एक हात हळूच बाहेर आला, डोक्यापर्यंत गेला, भांग चाचपून परत कापडाखाली गेला.

"डाव्या," सर्जन म्हणाले.