लेबल लावलेलं घर

सोया सॉसची बाटली बाइंडरने खिडकीशी नेली, चष्मा कपाळावर सरकवला, भिंग डोळ्याला लावलं आणि बाटलीच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीत चोर सापडला.

"गहू," तो म्हणाला. "नाव सोयाबीनचं आणि आत गहू. आता माणसानं विश्वास तरी कुणावर ठेवायचा?"

"बाटलीवर तर नकोच," बायको आतल्या खोलीतून म्हणाली. "शेजारी देऊन टाका. त्यांच्या आतड्यांना चालतो."

सगळी गल्ली त्याला बाइंडर म्हणायची, आणि चिडली की बायकोही. खाली पुस्तकबांधणीचं दुकान, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असा त्यांचा संसार होता. चाळीस वर्षं तो पुस्तकं शिवत, चिकटवत आणि कापत आला होता. हजार पानांत एखादं पान उलटं लागलं असेल, तर ते त्याच्या अंगठ्याला आधी कळायचं आणि डोळ्यांना मागाहून. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी जेव्हा बायकोला सांगितलं, की तुमच्या आतड्याला ग्लूटेन चालत नाही, गहू नको, बार्ली नको, कणभरसुद्धा नको, तेव्हा तो मुळीच घाबरला नाही.

"पाव आणि केक टाळणं सोपं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "त्रास देतो तो लपलेला गहू. सॉसमध्ये, मसाल्यात, सूपच्या पाकिटात."

"लपलेलं शोधायचं काम माझ्याकडे द्या," बाइंडर म्हणाला होता.

आणि त्याने ते काम डोळ्यांत तेल घालून केलं. पहिल्याच आठवड्यात सूपची पाकिटं गेली, मॉल्टचं पेय गेलं, ओट्सचा डबा गेला. चिप्सच्या मसाल्यात गव्हाचं पीठ निघालं, तेव्हा त्याने ते पाकीट दुकानात येणाऱ्या तीन गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं. काही बिचाऱ्या निरपराध वस्तूही या धरपकडीत सापडल्या. व्हिनेगरने कुणाचं घोडं मारलं नव्हतं, पण बाटलीवर काहीच लिहिलेलं नाही म्हणजे नक्की काहीतरी लपवलंय, असं म्हणून त्याने तीही बाटली हद्दपार केली. बायकोच्या स्वयंपाकासाठी नवी भांडी आली, नवं लाकडी उलथनं आलं. महिन्याभरात बायकोचं पोट दुखायचं थांबलं, चेहऱ्यावर तकाकी आली आणि बाइंडरची मान आणखी दोन बोटं ताठ झाली.

इथे कुणीही शहाणा माणूस थांबला असता. बाइंडरने मात्र ठरवलं, की आता हे सगळं कायमचं पक्कं करायचं. घरातल्या प्रत्येक सुरक्षित वस्तूला लेबल लावायचं. पांढरा कागद, काळी शाई, भोवती बारीक चौकट, आणि मध्ये त्याच्या वळणदार अक्षरात 'गव्हाविना'. साखर, तांदूळ, मीठ, तेल, सगळ्यांना लेबलं लागली. मग तिच्या ताटाला, वाट्यांना आणि चमच्यांच्या दांड्यांना लागली. एके दिवशी पाण्याच्या जगलाही लागलं.

"पाण्यात गहू कुठनं येणार?" बायकोने विचारलं.

"सोया सॉसमध्ये येईल असं वाटलं होतं का तुला?"

तिने जग उचलून पाणी ओतून घेतलं. बाइंडरशी वाद घालून कुणी सहसा जिंकत नसे.

लेबल चिकटवायला अर्थातच खळ लागायची. दुकानातल्या खळीत तो मोरचूद घालायचा, म्हणजे ती टिकते आणि पुस्तकांना कीड लागत नाही. पण मोरचूद विषारी. ते स्वयंपाकघराच्या आसपास नको, एवढी काळजी त्याला होती. म्हणून घरच्या लेबलांसाठी तो बिनमोरचुदाची खळ वेगळी शिजवायचा. मोरचुदावाचून खळ दोन दिवसांत आंबते, तेव्हा एक दिवसाआड ताजी करावी लागे. बायको उठायच्या आत तो तिच्याच शेगडीवर छोटं पातेलं चढवायचा, नव्या लाकडी उलथन्याने एकसारखं ढवळायचा आणि उलथनं धुऊन पुन्हा जागेवर ठेवायचा. घरात इतर कशावर त्याचा भरवसाच उरला नव्हता. खळीचा वास त्या घराला इतक्या वर्षांचा सरावाचा होता, की बायकोला तो येईनासाच झाला होता.

लेबलं लागायला लागली आणि बायकोचं पोट पुन्हा दुखायला लागलं.

बाइंडरने पुन्हा सगळं तपासलं. टूथपेस्ट तपासली, औषधाच्या गोळ्यांचा वेष्टनासकट अभ्यास केला आणि गोळ्यांच्या कंपनीला पत्र लिहिलं. काहीच हाती लागेना, म्हणून त्याने आणखी लेबलं लावली. लेबलांनी शंभरी ओलांडली तेव्हा बायकोचं वजन तीन किलोंनी उतरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"आकडा खाली यायच्या ऐवजी चढलाय. कुठूनतरी गहू जातोय पोटात."

"आमच्या घरात?" बाइंडर म्हणाला. "अशक्य. पुस्तकावर हात ठेवून सांगतो."

"तसं असेल, तर महिन्याभरानं पुन्हा नळी घालून बघू. दुसरं काही आहे का ते शोधावं लागेल."

हे 'दुसरं काही' तिथून त्यांच्याबरोबर घरी आलं आणि मुक्कामालाच राहिलं. एका दुपारी बायकोने त्याला कपाटाशी बोलावलं आणि थंडीची पांघरुणं कुठे असतात, विजेची बिलं कुठल्या खणात आणि तिच्या बहिणीचा पत्ता कुठल्या वहीत, ते सगळं नीट दाखवलं. बाइंडर हं हं करत राहिला. मग खाली दुकानात जाऊन बराच वेळ एकाच पुस्तकाचा कणा घासत बसला. त्याला भीती वाटत होती. इतकी भीती त्याला आयुष्यात वाटली नव्हती, आणि तिचं करायचं काय हे माहीत नसल्यामुळे संध्याकाळी त्याने आणखी वीस लेबलं लावली.

मध्येच बायको आठ दिवस तिच्या ताईकडे राहून आली. परतली ती गाल भरून, हसत. घरी येऊन चार दिवस झाले आणि पुन्हा पोट धरून बसली. पाठोपाठ ताईच येऊन थडकली. ताई निवृत्त मुख्याध्यापिका होती आणि निवृत्ती फक्त कागदावर होती.

"माझ्याकडे हिला काहीच झालं नाही," ती बाइंडरला म्हणाली. "आम्ही तर तीनदा बाहेर जेवलो."

"बाहेर?" बाइंडर हादरला. "ताई, बाहेर काय काय असतं, तुम्हाला कल्पना नाही. बटाटे तळायचं तेल विचारलं होतंत का? त्याच तेलात पावाचा चुरा लावलेले मासे तळतात."

"विचारलं. त्यांनी सांगितलं. आम्ही जेवलो."

"तुमच्याकडची हवा चांगली आहे, दुसरं काही नाही."

"हवा घरी ठेवा. उद्या दुपारी आपण तिघं बाहेर जेवतोय. हिच्या तोंडाला चव नाही दोन महिने."

बाइंडर कबूल झाला, पण एका अटीवर. जेवणाआधी तो रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर स्वतः बघणार. दुसऱ्या दिवशी तो चामड्याची पिशवी खांद्याला लावून, वहीत सत्तावीस प्रश्न लिहून निघाला. ताई आणि बायको खिडकीजवळच्या टेबलावर बसल्या आणि बाइंडर झुलता दरवाजा ढकलून थेट आत शिरला.

आत शेफबाई होत्या. दंड कसलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात सुरी. बाइंडरला बघून त्यांनी सुरी खाली ठेवली, हा त्यांचा चांगुलपणा.

"तुम्ही बाइंडरकाका ना? फोनवर सांगितलं मला ताईंनी. विचारा."

"भांडं वेगळं?"

"वेगळं. ते बघा, वरच्या फळीवर."

"तेल?"

"तुमच्या बटाट्यांना आज नवं ओतलंय."

"सूप दाट कशानं करता?"

"शिजवलेल्या बटाट्यानं. पीठ नाही."

"मीठ?"

"मीठ मिठाचंच असतं, काका." शेफबाई हसल्या. "माझ्या भाचीला हाच आजार आहे, दहा वर्षं झाली. तुम्ही जे विचाराल ते तिच्या आईनं मला आधीच विचारून झालंय."

तरीही बाइंडरने सत्ताविसाव्या प्रश्नापर्यंत मजल मारली आणि वही मिटली. इतक्या सरळ उत्तरांची त्याला सवय नव्हती. तो प्रसन्न झाला. या बाईंसाठी आपण काहीतरी करायला हवं, असं त्याला मनापासून वाटलं. त्याने फळीवरचं पातेलं खाली घेतलं, पिशवीतून एक सुबक लेबल, ब्रश आणि काचेची छोटी बरणी काढली.

"एवढं लावून टाकतो. म्हणजे तुमच्या माणसांची गफलत व्हायला नको."

बोलता बोलता त्याने लेबलाला पाठीमागून ब्रश फिरवला, ते पातेल्याच्या कडेला बसवलं आणि अंगठ्याने घासून सपाट केलं. कडेनं बाहेर आलेली खळ बोटाने निपटून काढली. मग त्याच हाताने तो बटाट्यांवरचं झाकण उचलायला गेला, तेव्हा शेफबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"बरणीत काय आहे?"

"खळ."

"कसली?"

बाइंडरचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी आपणहून विचारला नव्हता.

"घरची. बाजारचा गोंद मी वापरत नाही. आणि चिकटपट्टीचं नावही काढू नका, वर्षाच्या आत पिवळी पडते. ही शुद्ध मैद्याची खळ. मैदा तीनदा चाळून घेतो. एक गुठळी दाखवा, धंदा सोडतो. शिवाय यात मोरचूद नाही, म्हणजे एकदम खाण्याला..."

वाक्य तिथेच थांबलं. मागे कुणीतरी कांदा चिरत होतं, तेही थांबलं.

"घरी अशी लेबलं किती आहेत, काका?"

"एकशे साठ."

"आणि खळ कुठं शिजवता?"

बाइंडरने बरणीचं झाकण घट्ट लावलं.

"ढवळता कशानं?"

बाइंडरने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे भल्या पहाटेचं स्वयंपाकघर आलं. मैद्याची चाळण आणि ओट्यावर उडालेला बारीक पांढरा धुरळा त्याला दिसला. बायकोचं पातेलं, बायकोचं उलथनं दिसलं. ताटाच्या कडेला ओलं होऊन सुटलेलं लेबल आणि ते पुन्हा ताज्या खळीने चिकटवणारा त्याचा स्वतःचा अंगठाही दिसला.

"पण खळ म्हणजे पीठ नव्हे," तो अगदी हळू म्हणाला. "खळ म्हणजे... खळ."

"ते आतड्याला कोण सांगणार?" शेफबाईंनी ते पातेलं दोन बोटांनी उचलून मोरीत ठेवलं आणि दुसरं काढलं. "हात धुवा. आणि बाहेर जाऊन सांगून टाका."

बाइंडरच्या धंद्यात एक नियम होता. पुस्तकात चूक राहिली असेल, तर गिऱ्हाइकाने उघडायच्या आत आपण सांगायची. चाळीस वर्षांत हा नियम पाळायची पाळी त्याच्यावर चारदा आली होती आणि चारही वेळा त्याने तो मान ताठ ठेवून पाळला होता. दरवाजापासून टेबल आठ पावलांवर होतं. सहाव्या पावलाला मान खाली गेली.

"काय हो, काही सापडलं का?" बायकोने विचारलं. ती फिकट दिसत होती आणि टेबलाची कड घट्ट धरून बसली होती.

"सापडलं," बाइंडर म्हणाला. "इथं नाही, आपल्या घरी. लेबलं मैद्याच्या खळीनं चिकटवलीत. खळ तुझ्या शेगडीवर शिजवली. तुझ्या उलथन्यानं ढवळली. दोन महिने, एक दिवसाआड. जितकं तुझं दुखलं तितकी मी लेबलं वाढवली."

ताईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं की," ती म्हणाली. पण बायकोचं तिकडे लक्ष नव्हतं. ती नवऱ्याकडे टक लावून बघत होती.

"म्हणजे मला दुसरं काही झालेलं नाही?"

"नाही गं." बाइंडर म्हणाला. "दुसरं काहीही नाही. मीच झालोय तुला."

बायकोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे हलायला लागले. ती रडते आहे असं वाटून बाइंडर घाईने शेजारची खुर्ची ओढून बसायला गेला, तर ती हसत होती. थोडी रडतही होती, पण हसणं जास्त होतं. इतके दिवस छातीवर घेऊन फिरत असलेलं ओझं तिने त्या टेबलावर उतरवून ठेवलं होतं आणि आता तिला भूक लागली होती. शेफबाईंनी स्वतः आणून ठेवलेली वाफाळती ताटली तिने पुढे ओढली. मग हात मध्येच थांबवून तिने नवऱ्याच्या शर्टाकडे पाहिलं.

"ही बाही कसली पांढरी झालीय?"

बाइंडरने बाही बघितली. "खळ," तो म्हणाला.

"मग त्या तिकडच्या टेबलावर बसा."

"अगं, पण..."

"बसा म्हणते ना."

बाइंडर उठला. पिशवी घेऊन तो पलीकडच्या टेबलावर एकटाच जाऊन बसला. आयुष्यात प्रथमच त्याने समोर आलेल्या कागदावरचं काही वाचलं नाही, मेनूसुद्धा नाही. बायको बटाटे खात होती, भाजलेले मासे खात होती, ताईच्या कानाला लागून काहीतरी सांगत होती आणि दोघी खिदळत होत्या. तिने सूपचा वाडगा तिरपा करून शेवटचा थेंबसुद्धा सोडला नाही, तेव्हा मात्र त्याला राहवेना. खुर्ची न हलवता, मान लांब करून त्याने विचारलं, "कसं लागतंय?"

"फार छान," बायको म्हणाली. "तिथूनच विचारत जा."