ओल्या फडक्याचे काम

मुंगी हाकेला ओ देत नाही, अशी आजोबांची तक्रार होती. मुंगी म्हणजे त्यांची चार वर्षांची नात. आजोबा निवृत्त घड्याळजी होते, आणि जे चालत नाही ते आतून साफ करावे एवढेच एक तत्त्व त्यांनी आयुष्यभर पाळले होते.

"मळ साचलाय तिच्या कानात," ते सुनेला म्हणाले.

"असेल. पण फक्त बाहेरून पुसा, बाबा. मऊ फडकं, कोमट पाणी. आत काही घालायचं नाही. मळ आपसूक बाहेर येतो."

"आपसूक कुठलं घड्याळ साफ झालंय आजवर?"

"ते घड्याळ नाही, माझी मुलगी आहे." सून चपला घालत होती. टेबलावर पाळणाघराचा कोरा फॉर्म आणि त्यावर पेन होते. मागच्या आठवड्यात आजोबांनी मुंगीच्या बोलक्या बाहुलीचे पोट उघडून तिला कायमचे गप्प केले, तेव्हापासून दोन्ही तिथेच होते. "चारला येते. आज काही झालं, तर मात्र मी तो भरणार."

मुंगीशिवाय दुपारचे करायचे काय, हे आजोबांना ठाऊक नव्हते. म्हणून त्यांनी नियम अक्षरशः पाळायचे ठरवले. दाराला आतून वरची कडी घातली, पाणी मनगटावर पाहिले, भिंग पुसायचे मऊ फडके भिजवून पिळले. मुंगीने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"आधी तुझा."

आजोबांनी आपला उजवा कान बाहेरून पुसला.

"आतून पण."

आजोबांनी विचार केला. सुनेचा नियम मुंगीच्या कानापुरता होता. त्यांनी लाकडी काडीच्या टोकाला कापूस गुंडाळला. अशाच काडीने त्यांनी हजारो घड्याळे पुसली होती. काडी बाहेर आली. कापूस आला नाही.

चिमट्याने तो आणखी आत गेला. मग आजोबांनी मान कलती करून एका पायावर उड्या मारल्या. हा खेळ आहे असे समजून मुंगीनेही मारल्या. शेवटी त्यांनी कोमट पाण्याचे दोन थेंब सोडले. कापूस फुगला आणि कानाला पक्के बूच बसले. अशा वेळी डाव्या कानाने हात द्यायला हवा होता, पण घर विलक्षण शांत झाले होते.

मुंगीचे कान मात्र त्यांनी नियमाप्रमाणे पुसले. थोड्या वेळाने ती त्यांची बाही ओढून दाराकडे बोट दाखवू लागली.

"बाहेर नंतर जाऊ," आजोबा म्हणाले. तिने पुन्हा बाही ओढली. "हट्ट नको."

शेजारच्या सुताराने दार बिजागऱ्यांसकट काढून भिंतीला टेकवले, तेव्हा खोलीत एकदम उजेड आला म्हणून आजोबांनी वळून पाहिले. सून वीस मिनिटे बेल वाजवत होती. तिचे ओठ भराभर हलत होते.

"मी तिच्या कानात काहीही घातलेलं नाही," आजोबा म्हणाले. ते खरेच होते.

सुनेने दोघांनाही डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी मुंगीचे कान पाहिले. "छान आहेत. असेच बाहेरून पुसत जा."

"कापूस आजोबाच्या कानात आहे," मुंगी म्हणाली.

डॉक्टरांनी कापूस काढला. मग त्यामागचा मळ काढला. मग डाव्या कानातला काढला. त्याला बराच वेळ लागला. निघालेला ऐवज त्यांनी ट्रेमध्ये ठेवला. आजोबांना पंख्याची घरघर ऐकू आली. जिन्यात कोणाच्या तरी चपला वाजल्या.

"कान स्वच्छ आहेत, तर ही ओ का देत नाही?" त्यांनी विचारले. आपण केवढ्याने बोलतो हे त्यांना प्रथमच कळले.

"मी देते की," मुंगी म्हणाली. "रोज देते."

सून खिडकीबाहेर पाहू लागली.

दुसऱ्या दिवशी सून निघाली, तेव्हा टेबलावर फॉर्म कोराच होता, पेन नव्हते. तिने फडके पिळून मुंगीच्या हातात दिले. "आजोबांचे कान बाहेरून पुसायचे. आत काही घालू द्यायचं नाही. आणि बेल वाजली की त्यांना उठवून दारापर्यंत आणायचं."

"बेल ऐकू येते मला आता," आजोबा म्हणाले.

"तरी आणायचं," सून मुंगीला म्हणाली.

दार लागल्यावर आजोबांनी काही काम नसताना हाक मारली. "मुंगे."

"ओ."

त्यांनी पुन्हा हाक मारली. पुन्हा ओ आली, स्वच्छ, बारीक. तिसऱ्या हाकेला मात्र मुंगीने ऐकूनही ओ दिली नाही.