कानिटकर बाईंचं हिमगव्हर

२०१७ च्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी, उणे अठरा तापमानात, कानिटकर बाईंनी रॉकी पर्वताला दहापैकी सात गुण दिले. डावा कडा पुरेसा उभा नाही म्हणून दोन गुण कापले, आणि पायथ्याला गाड्या लावायची जागा पुस्तकातल्या आकृतीत नसते म्हणून एक. निकाल तिथल्या तिथे, मोठ्याने जाहीर झाला. खांद्यावर दोर टाकून उभ्या असलेल्या गिर्यारोहकांना मराठी येत नसल्यामुळे फेरतपासणी कोणी मागितली नाही.

बाई मिरजेच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. यजमान गेले तेव्हापासून एकट्याच राहत. त्या हिवाळ्यात त्या मुलाकडे, मंदारकडे, कॅनडात कॅलगरीला आल्या. मी मंदारच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होतो. कोल्हापूरला वर्तमानपत्रात उपसंपादक होतो हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं, आणि तेव्हापासून माझं नाव गेलं ते गेलंच. "अहो पत्रकार" एवढीच हाक उरली.

त्यांचं एक पालुपद होतं: "भौगोलिक कारण द्या." परीक्षेतला प्रश्न त्यांनी घरात आणला होता. मंदारला ऑफिसातून यायला उशीर झाला की दारातच विचारणा होई.

"आई, डीअरफूट हायवेवर ब्लॅक आइस होतं, नुसती घसरण. सगळा ट्रॅफिक स्लो."

"हं. हे चालेल. ये आत."

मीटिंग लांबली हे कारण भौगोलिक नसल्यामुळे चालत नसे. मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत असलो की त्या खिडकीतून बघत. "पत्रकार, बर्फ कुंपणापाशीच जास्त का साचला?" वाऱ्यामुळे, असं मी म्हणायचो. "कोणत्या?" इथे माझे गुण जात.

जानेवारीत एका दुपारी चिनूक आला. डोंगरावरून उतरणारा हा उबदार वारा काही तासांत अंगणातला बर्फ वितळवून टाकतो. भूगोलाच्या पुस्तकात त्याला हिमभक्षक म्हणतात. बाई कोट न घालता पोर्चवर जाऊन उभ्या राहिल्या. मंदार आतून ओरडत होता. "थांब रे," त्या म्हणाल्या, "तीस वर्षं यांच्याबद्दल सांगत आले. आज प्रत्यक्ष आलेत." चिनूकला त्या अहो-जाहो करत.

त्या संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, इथे जवळपास हिमगव्हर आहे का? हिमनदी डोंगराची कूस खरवडत जाते आणि मागे एक मोठा खळगा ठेवते. तीन बाजूंना उभे कडे, चौथी मोकळी. बाई फळ्यावर तो आरामखुर्चीसारखा काढत. कॅनमोर गावाच्या पुढे असा एक खळगा आहे, त्याच्या कड्यांवरचे धबधबे हिवाळ्यात गोठतात आणि लोक त्यांवर चढायला येतात, एवढं मला ऐकून माहीत होतं. मी तसं सांगितलं.

"मला न्याल?"

मंदारने ऐकलं. "आई, तुझा गुडघा बघ. ते आइस क्लायंबिंगवाल्यांचं आहे. आपण रोपवेच्या गोंडोलाने जाऊ ना, वर मस्त कॅफे आहे."

"कॅफे मिरजेतही आहे."

मार्चचं परतीचं तिकीट होतं. परत गेल्यावर गुडघ्याचं ऑपरेशन, आणि त्यानंतर एवढा प्रवास नको, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. हे मंदारलाही ठाऊक होतं. तरी तो नाहीच म्हणत राहिला.

दोन दिवसांनी बाई जिना धरून धरून बेसमेंटमध्ये उतरल्या आणि माझ्या पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांनी सांगितलेलं असं: नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत वर्गाने त्यांना विचारलं होतं, बाई, तुम्ही हिमगव्हर पाहिलंय का? त्या म्हणाल्या, हो, काश्मीरला. त्या काश्मीरला कधीच गेल्या नव्हत्या. मग तिसऱ्या बाकावरच्या सुनंदाने हात वर केला. बाई, आत आवाज येतो का?

"मी म्हटलं, नाही. अगदी शांत असतं. पुढे लिहा." बाईंनी पलंगावरची चादर सारखी केली. "तिनं ते वहीत लिहून घेतलं हो, पत्रकार. दुसरं कोणी नाही घेतलं. तिनं घेतलं."

उत्तर बरोबर होतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं. मी हे मंदारला सांगितलं.  शुक्रवारी तो ऑफिसातून येताना बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे आणि दोन काठ्या घेऊन आला.

पार्किंगपासून वाट सपाट होती, पण पाऊण तासाच्या त्या वाटेला आम्हाला दोन तास लागले. झाडं संपली तिथे गोठलेलं तळं लागलं. पलीकडे हिमस्खलनाचा धोका असल्याची पाटी होती, त्यामुळे आम्ही अलीकडेच थांबलो. समोर तीन बाजूंनी कडे उभे होते. गुण देऊन झाल्यावर बाईंनी टोपी काढली. कानांवरची पट्टीही काढली.

"आई, फ्रॉस्टबाइट होईल. सिरियसली."

"दोन मिनिटं. कोणी बोलू नका."

कड्यावर चार-पाच माणसं चढत होती. त्यांच्या कुऱ्हाडी बर्फात बसत होत्या: टक्, टक्. प्रत्येक टक् तिन्ही कड्यांवर आपटून परत येत होता. एक तुकडा सुटला, वरून कोणीतरी "आइस!" असं ओरडलं, आणि तो शब्दही तीनदा ऐकू आला. मग पायाखालून, तळ्यातून, कोणी जड कपाट सरकवावं तसा लांबलचक आवाज निघाला. शेजारी बसून थर्मासातला चहा पिणारी एक गिर्यारोहक हसून म्हणाली, घाबरू नका, बर्फ दिवसभर असाच बोलतो.

मंदारने आईच्या डोक्यावर टोपी चढवली. त्यांनी चढवू दिली.

"चुकीचं शिकवलं मी," त्या म्हणाल्या. 

रविवारी दिवसभर त्यांनी सुनंदाचा माग काढला. एका जुन्या सहशिक्षिकेकडून नंबर मिळाला. सुनंदा इस्लामपूरला होती, ब्लाउज शिवायचं दुकान चालवत होती. कॅलगरीत संध्याकाळचे साडेसात, तिकडे सोमवारी सकाळचे आठ. बाईंना नंबर फिरवायला चष्मा पुरेना, म्हणून मी फोन लावून दिला आणि स्पीकर चालू केला. मागे कुकरची शिट्टी झाली.

"कोण बाई?"

"भूगोलाच्या."

"अगंबाई! कानिटकर बाई? कुठून बोलताय?"

"कॅनडा. सुनंदा, तू मला एक प्रश्न विचारला होतास. हिमगव्हरात आवाज येतो का म्हणून. मी तुला चुकीचं उत्तर दिलं."

"मी? मला नाही हो आठवत, बाई. मी तर भूगोलात नापासच व्हायची."

 मंदार स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबला. कुकरची दुसरी शिट्टी झाली.

"थांबा हं, गॅस बंद करते."

भांड्याचा आवाज आला. स्टूल ओढल्याचा आला.

"हं, बसले. आता सांगा बाई. कसला आवाज येतो?"

बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. फोन सदतीस मिनिटं चालला.